व्हायोलिनची खुंटी

मिस्त्रींचा हात जितका चालायचा तितकंच तोंडही. कुणाच्या कपाटाचं दार कुरकुरलं की म्हणणार, "दाराला काय बोलता, घरातल्या माणसांकडूनच शिकलंय ते." लोक हसायचे आणि पुढच्या कामाला पुन्हा यांनाच बोलवायचे. कारण हात सोन्याचा. फुगलेली खिडकी असो, तीन पायांवर आलेली खुर्ची असो, मिस्त्री एकदा "बघू" म्हणाले की काम झालंच समजा. हे बाहेरच्यांसाठी. घरच्यांना म्हटलेलं "बघू" जरा वेगळं असायचं.

त्या वर्षी त्यांना दातांच्या दवाखान्याचं काम मिळालं. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि भिंतभर कपाट करायचं होतं. आत डॉक्टरांचं मशीन घुर्र करायला लागलं की बाहेर बसलेल्यांची गाळण उडायची, म्हणून डॉक्टर भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर एकाच मैफलीचं रेकॉर्डिंग लावून ठेवायचे. गाणं आणि व्हायोलिन. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी तोंड उघडलं. "डॉक्टर, दात काढायच्या आधी कान काढून घेता की काय?" सुजलेले गाल धरून बसलेले पेशंटसुद्धा हसले. मिस्त्री खूश झाले आणि मापं घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. पडद्यावर एक प्रौढ बाई डोळे मिटून गात होती. साथीला काहीच नाही, नुसता आवाज. तो वर चढायचा, टोकाला जरासा थरथरायचा आणि सावकाश खाली यायचा. शब्द एक कळेल तर शपथ. मग शेजारच्या माणसानं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि तिचा सूर हळूच आपल्याकडे घेतला, जशी दमलेल्या माणसाच्या हातातली पिशवी आपण न विचारता घेतो तशी. मिस्त्रींच्या हातातली पटाशी हातातच राहिली. मग लय वाढली. गाणारी बाई पायानं ठेका धरून हसायला लागली, आणि इकडे मिस्त्रींचा पाय हलायला लागला.

"मिस्त्री, आज पायानं ठोकताय का खिळे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"मुंगी चावली," मिस्त्री म्हणाले.

आता एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलायची काय गरज होती? गाणं आवडलं तर आवडलं म्हणावं. पण मिस्त्रींना ते म्हणता येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते त्यांच्या पायाशीच पडलेलं होतं.

त्यांची लेक शाळेत असताना तिच्या आत्यानं तिला व्हायोलिन आणून दिलं होतं. पोरगी शाळेतल्या बाईंकडे शिकायची आणि घरी मागच्या खोलीत घासत बसायची. नवशिक्या हाताचं व्हायोलिन ते, कानाला गोड कुठून लागणार? मिस्त्री चारचौघांत ओरडून सांगायचे, "अगं, सोड आता त्या मांजराला, किती पिळशील?" पाहुणे पोट धरून हसायचे. लेकही हसायची आणि दार लावून घ्यायची. मग एक दिवस तार पिळताना खुंटी मोडली. "बाबा, एवढी खुंटी बसवून द्या ना," ती म्हणाली. "बघू." आठवड्यानं पुन्हा विचारलं. "बघू." सगळ्या गल्लीची लाकडं सांधणारा बाप, आणि घरात बोटाएवढी खुंटी बसत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी तिनं विचारायचं सोडलं. घर शांत झालं, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींना बरंच वाटलं.

पुढे व्हायोलिन चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. त्याची पेटी भक्कम होती, आतून मऊ मखमल होती. ती कशाला वाया घालवायची म्हणून मिस्त्रींनी तिच्यात पटाश्या आणि कानशी ठेवल्या. छोटी करवत मावेना, तेव्हा व्हायोलिनची मान टेकवायचा आतला लाकडी आधार उपटून टाकला. तीच पेटी घेऊन ते इतकी वर्षं दारोदार हिंडले होते.

पडद्यावर गाणं संपलं. त्या वादकानं व्हायोलिन पेटीत ठेवलं, वरून एक फडकं पसरलं आणि झाकण अलगद लावलं. मिस्त्रींनी खाली पाहिलं. तशीच पेटी, तशीच मखमल, आणि तीत तेलकट कानशी. त्यांनी पायानं झाकण पाडलं. कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं, तरी त्यांची कानशिलं तापली. दिवसभर त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

लाज वाटत होती तरी गाणं सुटत नव्हतं, हे आणखी वाईट. कपाट रेंगाळलं. ज्या फळीला एकदा पॉलिश पुरलं असतं तिला दोनदा झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी काउंटरवरच्या बाईंना इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलंच. "केल्टिक का काय म्हणतात डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तिकडच्या थंड बेटांवरची गाणी. व्हायोलिनला फिडल म्हणतात ते लोक." त्यांनी ती मैफल मिस्त्रींच्या फोनमध्ये लावून दिली.

मग मिस्त्री घरी मागच्या खोलीत बसून ऐकायला लागले, त्याच खोलीत.

"अहो, मोठ्यानं लावा की," बायको म्हणाली. "चोरून काय ऐकता?"

"चोरून कोण ऐकतंय?" मिस्त्री खेकसले आणि आवाज अजून बारीक केला.

रविवारी लेक आली. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते ती. हात बापाचा घेतलाय, स्वभाव आईचा. ती दारात उभी राहिली तेव्हा मिस्त्री डोळे मिटून ठेका धरून बसले होते.

"बाबा, कोण मांजर पिळतंय?"

ती हसून म्हणाली. मनात काही ठेवून नव्हे, बापाचाच विनोद बापाला परत केला एवढंच. पण इतक्या वर्षांत ती तो विसरली नव्हती. बोलायची वेळ हीच होती. 'पोरी, चुकलं माझं, तुझं वाजवणं मी बंद पाडलं,' एवढं म्हणायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "चुकून लागलं," आणि फोन बंद केला.

"राहू द्या की. छान होतं," ती म्हणाली आणि आईकडे आत गेली.

त्या रात्री मिस्त्री नीट जेवले नाहीत. पोरीला हिणवलं ही एक लाज, आणि आता तेच आवडतंय हे तिच्यापासून लपवलं ही त्याहून मोठी. सकाळी ते माळ्यावर चढले. चादर सोडली. खुंटीचा मोडका तुकडा अजून भोकात अडकलेला होता. तो त्यांनी हलक्या हातानं काढला, शिसवीचा तुकडा तासून नवी खुंटी केली, ती घसरू नये म्हणून खडू फासला आणि बसवली. बाजारातून नव्या तारा आणल्या. हत्यारं गोणपाटात गेली, पेटीत मानेचा आधार नव्यानं बसला. मखमलीवरचे तेलाचे डाग मात्र काही केल्या निघाले नाहीत.

पुढच्या रविवारी पेटी घेऊन ते लेकीकडे गेले. वाटभर एकच वाक्य घोकत होते. चुकलं माझं.

लेकीनं हात पुसून पेटी टेबलावर उघडली. डागांवरून बोट फिरवलं. मग खुंटी पिळून पाहिली. ती लोण्यासारखी फिरली आणि जिथल्या तिथे थांबली. तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही बसवलीत? फार त्रास झाला असेल, बाबा."

हे तर प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, आणि मिस्त्रींचं उत्तरही ठरलेलं. जन्माची सवय ती, विचार करायच्या आधी तोंडातून गेलं.

"छे, त्यात काय होतं. चहा निवायच्या आत झालं."

लेक खुंटीकडे बघत राहिली.

"तेव्हाही एवढंच काम होतं?" तिनं विचारलं.

ज्यांना आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, त्या मिस्त्रींना घोकून आणलेलं वाक्य सापडेना. त्यांनी खाली बघितलं.

"हो," ते म्हणाले. "एवढंच होतं."