लाटसाहेबांची भेट

लहानपणी मी उशिरा उठलो की आई म्हणायची, "उठले का लाटसाहेब?" आपण लॉर्डचा लाट केला आणि टोमणा म्हणून घरात ठेवून घेतला. खऱ्या लाटसाहेबाशी गाठ पडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, तेही आयर्लंडमध्ये.

२०२१चा उन्हाळा संपत आला होता. मी ब्लँचर्डस्टाउनला राहतो, म्हणजे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. राजघराण्याशी आमचा संबंध टीव्हीपुरता. ताई मात्र सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या एका गावात, म्हणजे ब्रिटनच्या राणीच्या राज्यात. लॉकडाऊन लागल्यापासून ती आणि तिच्या शेजारणी गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात एकट्या म्हाताऱ्यांसाठी रांधायच्या आणि डबे दारात ठेवून यायच्या. मुगाच्या खिचडीला म्हातारे 'पिवळं पॉरिज' म्हणायचे आणि पुन्हा मागायचे.

आता निर्बंध उठत होते, आणि हॉलच्या कमिटीला स्वयंपाकघर परत हवं होतं. महिनाअखेर किल्ली द्या, एक 'वी' अडचण आहे, असं चेअरमननी ताईला सांगितलं. वी म्हणजे इवलीशी. तिकडे चहापासून संकटापर्यंत सगळं वीच असतं.

"लॉकडाऊन संपला म्हणून म्हातारे तरुण झाले का रे?" ताई फोनवर म्हणाली. "बरं, शनिवारी लाटसाहेब येतायत आमचं काम बघायला. तू ये मदतीला. जीभ तेवढी घरी ठेवून ये."

लाटसाहेब म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, राणीचे जिल्ह्यातले प्रतिनिधी. मी वाचून काढलं. पगार नाही, वाटायला निधी नाही, कुणाला हुकूम सोडता येत नाही. गावोगावच्या संस्थांना भेटायचं, आभार मानायचे, काम चांगलं वाटलं तर राणीच्या पुरस्कारासाठी शिफारस करायची. थोडक्यात, पंचाहत्तरीला निवृत्त होईपर्यंत प्रमुख पाहुणे.

शनिवारी निघालो. वाटेत रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, किलोमीटरचे मैल झाले. राणीच्या राज्यात आल्याची एवढीच वर्दी.

लाटसाहेब दुसऱ्या गावी गेले होते, त्यांच्या डेप्युटी आल्या. ना तलवार, ना तुरा. साध्या कोटावर एक बिल्ला. बाई जनावरांच्या निवृत्त डॉक्टर होत्या. चेअरमन मात्र सुटात. या स्वयंपाकघरात ते एकदाही फिरकले नव्हते, पण 'आमचा उपक्रम' बाईंना तेच समजावून सांगत होते. इतक्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते दोन पावलं मागे सरले. बाई हलल्या नाहीत. अडलेल्या गाईंपुढे कुकर तो काय!

मास्क खाली करून बाईंनी उभ्याउभ्या खिचडी खाल्ली आणि ताईला विचारलं, "हिवाळ्यातही चालू ठेवणार ना?"

आता ताई गाऱ्हाणं मांडणार, असं मला वाटलं. ती नुसती हसली. "किल्ली कुणाकडे राहील ते हे ठरवतात," म्हणाली.

बाई चेअरमनकडे वळल्या. "मग डिसेंबरात मी इथेच येते. लॉर्ड लेफ्टनंटनाही आणते. त्यांनी हे खायलाच हवं. चालेल ना?"

स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. चेअरमननी एकदा बिल्ल्याकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे.

"अर्थातच, मॅडम! ग्रँड!"

फोटोत ते सगळ्यांत पुढे आले. किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही.

"पण बाईंना अधिकार कसलाच नाही," ताईच्या घरी परतताना मी म्हणालो. राजेशाहीला इतक्या स्वस्तात सोडायला मी तयार नव्हतो.

"म्हणून तर जमलं, शहाण्या. हुकूम असता तर चेअरमन भांडला असता. गोड बोलणाऱ्याशी कसा भांडणार?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण जीभ घरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने माझ्या उशाशी हॉलची किल्ली आपटली.

"उठले का लाटसाहेब? चला, कालची पातेली तशीच पडलीयत."

बिल्ला नाही मिळाला. एप्रन मिळाला.