आग्नेसबाईंचे पहिले वाक्य

माणसे गोष्टी लिहिण्यासाठी एकत्र बसू लागली, की लिहिलेल्या गोष्टी वहीत राहतात आणि त्या लिहिताना घडलेल्या डोक्यात साचत जातात. आमच्या कथावाचन मंडळातल्या या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी आता इतक्या झाल्या आहेत, की थोड्या उतरवून ठेवणे भाग आहे.

होळी नावाच्या भागातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एकाआड एक रविवारी, दुपारी आम्ही सात-आठ जण जमतो. मी आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवले, म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणतात. मंडळ तसे शांत होते. मग तन्मय आला.

*

तन्मय गोखिवऱ्याचा, तिशीतला, जाहिरातींच्या स्क्रिप्ट लिहिणारा. स्टोरीटेलिंगचा ऑनलाइन कोर्स नुकताच पुरा केलेला. त्याच्या पहिल्याच दिवशी मी माझी कथा वाचत होतो. तिसऱ्या पानावर त्याने नम्रपणे हात वर केला.

“सर, माणूस कधी येतो?”

“चौथ्या पानावर.”

“मग तीन पानं काय होतं?”

“गाव होतं,” मी म्हणालो.

तो समजुतीने म्हणाला, की आता वाचकाला एवढा वेळ नसतो, पहिल्या ओळीतच हुक लागतो. मी त्याला सांगितले, की गळ माशासाठी असतो. वाचकाला आपण बसायला पाट देतो. त्याने हे वाक्य मोबाइलमध्ये टिपून घेतले. पुढे कळले, की ते त्याने फर्निचरच्या एका जाहिरातीत वापरले.

*

बँकेतून निवृत्त झालेले नाईककाका हुकाच्या शिकवणीने सर्वांत आधी भारावले. पुढच्या बैठकीत त्यांनी वाचायला घेतले: “प्रेत अजून कोमट होते.”

आम्ही ताठ बसलो. पुढची आठ पाने त्यांच्या सोसायटीत टँकर वेळेवर न आल्याच्या हकिकतीची होती. टँकर आला, कथा संपली. प्रेत कोणाचे, हे मी विचारले.

“ते तेवढ्या पहिल्या ओळीपुरतं होतं,” काका म्हणाले.

*

आता आग्नेसबाईंविषयी सांगायला हवे, कारण मंडळात खरी निकड त्यांचीच होती. साठी ओलांडलेल्या, गिरीज गावच्या, स्वतःच्या वाडीत भाजी आणि केळी काढणाऱ्या. आई गेली तेव्हा त्यांचा थोरला भाऊ पास्कू आखातात नोकरीला होता. तो आला नाही. आईच्या शेवटच्या दिवसांचा विषय निघाला, की आजही तो उठून जातो. बाईंच्या मनात ते तीस वर्षे सलत होते. आता तो कायमचा कॅनडाला, मुलीकडे निघाला होता. त्याआधी आईचे ते दिवस लिहून त्याला वाचून दाखवायचे, एवढ्यासाठी बाई मंडळात आल्या होत्या.

मी म्हणालो, वाडीपासून सुरुवात करा. आई जिथे जगली ते आधी उभे राहू द्या. तन्मय म्हणाला, थेट मृत्यूपासून. आम्ही दोघे तासभर भांडलो. बाईंनी दोन्ही सुरुवाती दोन कागदांवर लिहून आणल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या.

“चांगली कुठली ते नका सांगू. कुठल्या वाक्यावर तो उठून जाणार नाही, तेवढं सांगा.”

तन्मयने एक कागद उचलून पुन्हा वाचायला घेतला. मी दुसरा.

*

माझ्या प्रत्येक कथेच्या शेवटी एक परिच्छेद असे: या सगळ्यातून काय घ्यावे, याचा. तन्मय म्हणाला, तो काढा. मी म्हणालो, लेखकाने निरोप न घेता जाणे असभ्यपणाचे आहे. शेवटी कथा दोन्ही प्रकारे वाचायची ठरली आणि निवाडा आग्नेसबाईंकडे गेला.

“आधी रडू आलं,” त्या म्हणाल्या. “मग सरांचा परिच्छेद आला आणि थांबलं.”

तो परिच्छेद मी काढला. सवय अजून गेलेली नाही.

*

एका रविवारी तन्मय उशिरा आला, पण चेहरा उजळलेला. तो मुलगी पाहायला विरारला गेला होता. सांगू लागला: घरातून निघताना स्कूटर कशी सुरू होईना, वाटेत पेढे कुठे घेतले, त्यांच्या इमारतीचा जिना, दारातली रांगोळी, मुलीच्या आजोबांचे गुडघे. पंधरा मिनिटे झाली.

नाईककाकांना राहवेना. “अरे, मुलगी हो म्हणाली का?”

“थांबा ना काका, तिथवर यायचंय अजून.”

मी फक्त माझी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

*

पास्कूभाऊंच्या प्रयाणाला चार दिवस उरले असताना आग्नेसबाईंनी मला आणि तन्मयला घरी बोलावले. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून ती दोघे आली आणि सगळे ओटीवर बसलो. पास्कूभाऊ उंच, अबोल, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले. बाईंच्या हातात कागद होता. कोणाची सुरुवात निवडली, हे त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते. आम्ही दोघेही परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे बसलो होतो.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचले, “आईने अंथरूण धरले त्या दिवशी...”

पास्कूभाऊंनी हात वर केला. ते उठणार, असे आम्हा तिघांनाही वाटले.

ते उठले नाहीत. ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मी माझ्या मराठीत सांगतो आहे, त्यात पुष्कळ सांडते.

“तिथून नको. त्याच्या आधी मला आईची चिठ्ठी आली होती. फादरकडून लिहून घेतलेली.”

बाईंनी चष्मा काढला. घरात कोणालाच ही चिठ्ठी ठाऊक नव्हती.

“तिने लिहिलं होतं, पास्कू, तू येऊ नको. तू दारात दिसलास, की मी जाणार हे मला कळेल.”

पास्कूभाऊ खुर्चीत मागे सरून बसले, तीस वर्षांत प्रथमच बसावे तसे.

आग्नेसबाईंनी कागद उपडा करून मांडीखाली सरकवला.

“मग?” त्या म्हणाल्या.