रामराम कुणी म्हटलं?

मुलुंडच्या त्या सभागृहात मी शाल पांघरून स्टेजवर बसले होते आणि लेखिकाबाई माझ्या आईला स्वतःच्या पायावर घालत होत्या. पुस्तकात. मोठ्याने वाचून.

पुस्तक म्हणजे माझं चरित्र. घाटकोपरच्या झोपडपट्टीतली मुलगी नर्स झाली, म्हणून लिहिलेलं. बाई वर्षभर दर रविवारी घरी यायच्या. आई दारातच म्हणायची, "जय भीम, बाई." बाई ओठ मिटून हसायच्या. चहा पुढे केला की म्हणायच्या, "आत्ताच झाला गं." आमच्या कपाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. मला कळत होतं. तरी बोलत गेले. वाटायचं, आपलं छापून तर येईल.

आलं छापून. "रामराम बाईसाहेब, गरिबाच्या झोपडीला तुमचे पाय लागले," म्हणत आईने बाईंचे पाय धरले आणि पदराने डोळे टिपले.

समोरचे लोक हळहळले. एकीने तर रुमाल काढला. मला शिसारी आली. दीक्षा घेतल्यापासून माझी आई कुणाच्या पाया पडली नाही, तोंडातून रामराम काढला नाही. त्यापायी गावात मार खाल्ला, गाव सोडलं. तीच पहिल्या रांगेत पांढरं पातळ नेसून बसली होती. तिला वाचता येत नाही, ऐकू येतं. ती उठलीच.

"हे मी कवा म्हनले गं?"

बाई माझ्या कानाशी लागल्या. "सांभाळ ना तिला. 'जय भीम' लिहिलं असतं तर प्रचारकी वाटलं असतं. वाचकाला पाझर फुटायला हवा."

पाझर! म्हणजे आधी आम्ही पायाशी हवे, मग ह्यांना पाझर फुटणार. थू!

मी माईक ओढला. "जय भीम. या पुस्तकातली बाई माझी आई नाही. तिची ती मुलगी मी नाही." शाल खुर्चीवर टाकली आणि आईचा हात धरून खाली उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, "यांना डोक्यावर बसवलं की असंच."

काही दिवसांनी बाई पुन्हा दारात. दुसरी आवृत्ती निघत होती, माझा फोटो हवा होता.

आई नेहमीसारखीच म्हणाली, "जय भीम, बाई."

बाई ओठ मिटून हसल्या.

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "आधी तिला उत्तर द्या. मग आत या."

ओठ मिटलेलेच राहिले. मी दार लावून घेतलं.

माझं मी लिहीन. पहिला शब्द आईचा असेल, आणि तो कुणाच्या बापाला बदलू देणार नाही.