टॉवेलाची चुंबळ

भूतबीत आपण मानत नाय. कोणी असलं काय सांगायला लागलं की मीच पहिला दात काढायचो. मी तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती उचलतो. शाळेत दुसरीतच मास्तरांनी माझ्यापुढं हात जोडले... म्हणून मी बोलतोय आन् पोरगी स्वाती मोबाईलवर टाईप करतीय. चुका तिच्या, अक्कल माझी. (ती म्हणतीय, "पप्पा, उलटं लिहिते हां!")

माझी बायको मंगल बेलापूर गावात कामाला होती. तिथं एक जुनी दगडी इमारत हाय, लाकडी जिन्याची. मालकानं रंगबिंग काढून वरच्या तीन खोल्यांचं 'हॉलिडे अपार्टमेंट' केलंय. मंगल तिथल्या चादरी बदलायची, लादी पुसायची. घरी आली की म्हणायची, "अहो, एकदा जाऊ या ना तिथं, पाहुणे म्हणून. त्या गादीवर नुसतं पडायचंय मला."

"दिघ्यातलं आपलं घर सोडून बेलापूरला झोपायला जायचं? येडी का तू?" मी म्हणायचो, आन् माझ्याच जोकवर हसायचो.

मंगलला जाऊन वर्ष झालं. चार दिवसांच्या तापात गेली.

आता चुंबळीचं सांगतो. पोत्याखाली डोक्यावर टॉवेलाचं गोल वेटोळं लागतं, ती चुंबळ. वीस वर्षं हमाली केली पण मला ती बांधता येत नाय. रोज मंगल बांधून द्यायची, टोक दोनदा आत खोचून. ती गेल्यापासून मार्केटातले दोस्त विचारतात, "नाना, डोक्यावर जिलेबी ठेवली काय?"

वर्षश्राद्ध झालं आन् स्वातीनं तीच खोली बुक केली. "आईचं राहिलंय, तुमी तरी जा." दुपारी पोचलो. मालक दारातच म्हणाले, "मंगलताईचं मालक ना? या, आज तुमी पाहुनं हाव."

खोलीत गेलो, आतनं कडी घातली. घामानं ओला झालेला टॉवेल खुर्चीवर फेकला. गादी बघून बसायचा धीर होईना. म्हटलं, "मंगे, पड आता. सगळी गादी तुझी." मी खाली लादीवर आडवा झालो. रडता रडता कधी डोळा लागला, कळलंच नाय.

संध्याकाळी पाचला जाग आली. कडी तशीच. खिडकीला गज. आन् खुर्चीवर माझ्या टॉवेलाची चुंबळ... टोक दोनदा आत खोचलेलं.

स्वातीला फोन लावला. "पप्पा, झोपेत तुमीच बांधली असेल."

"अगं, जागेपणी वीस वर्षांत जमली नाय, ती झोपेत जमंल?"

कोण आलं, कुठनं आलं, मला अजून कळलेलं नाय. तुमच्यात कोणाला कळत असंल तर सांगा, मी हसणार नाय. ती चुंबळ कपाटात हाय, सोडली नाय. मार्केटला आपली जिलेबीच नेतो.

पण एक गोष्ट जीव खाते. गादीवर साधी सुरकुती नव्हती हो. मी एवढी मोकळी ठेवली... तरी ती टेकली नाय. पाहुणी म्हणून बोलावलं, तर तिथं पण माझंच काम करून गेली.