कासवासाठी घट

शिरड शहापुरात किसनरावांना कुणी हट्टी म्हणत नसे, कारण त्यांची बायको शकुबाई त्यांच्याहून हट्टी होती. तिच्या माहेरची रीतच अशी, की मुक्या जनावराच्या तोंडात घास गेल्याबिगर आपल्या तोंडात घास घालायचा नाही. गोठ्यात गाई होत्या तोवर हे सोपं होतं. भाकरीचा पहिला तुकडा गाईला दिला की झालं. मग दारात ट्रॅक्टर आला, गाई गेल्या, अन् बाईनं आपला नेम उचलून थेट कासवावर नेऊन ठेवला.

हे कासव किसनरावांनाच बांधावरचे दगड सारताना सापडलेलं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. असलं जनावर घरात ठेवू नये, कायदा हाय, असं गुरांचा डॉक्टर दरसाल सांगायचा, अन् किसनराव दरसाल "बराबर हाय साहेब" म्हणायचे. म्हणायला काय जातं? शकुबाईच्या हातून ते कासव सोडवून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

गेल्या पावसाळ्यात शकुबाईला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली, कुठला महिना चालू आहे हे कळेनासं झालं. सगळं गेलं, नेम तेवढा राहिला. बाजेवर बसून ती डाव्या हातानं कासवाला पाला द्यायची, त्यानं कुरतडला की मगच सुनेच्या, कोमलच्या हातची दूध-भाकर खायची. पावसाळाभर हे चाललं. थंडी पडली तसं कासव अंग आखडून बसलं. एखाद्या दिवशी खायचं, पुष्कळदा नाही. त्यानं नाही खाल्लं की बाई नाही खायची, अन् बाई नाही जेवली की तिच्या गोळ्या देता येत नव्हत्या. अशी सगळी गाठ एका कासवाच्या तोंडाशी येऊन बसली.

बरं, पाला तरी कुठून आणावा? शिवारात हरभरा हिरवागार, पण फवारलेला. बाजारातल्या मेथीची तीच गत. शकुबाई पान आधी नाकाला लावायची, औषधाचा वास आला की भिरकावून द्यायची. अंगणात पेरलेली मेथी शेजारच्या शेळ्यांनी फस्त केली. शेवटी गुरांचा डॉक्टरच म्हणाला, "घरातच पेरा काका, उबेच्या जागी. कोवळं कोवळं दिलं तर खाईल बी."

किसनरावांनी उभ्या जन्मात पेरलं ते एकरानं. वीतभर जागेत पेरायची एकच तऱ्हा त्यांनी पाहिली होती, ती बायकोची. त्यांनी पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरली, मातीत गहू, ज्वारी अन् मेथी टाकली, मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं ठेवलं. मडकं झिरपतं, माती सुकत नाही. अन् घरात उबेची जागा म्हणाल तर देवघराची, चुलीच्या भिंतीला लागून. तिथं हे सगळं मांडलं अन् स्वारी आपल्या अकलेवर खूश झाली.

बायांच्या ध्यानात एव्हाना आलं असेल. पण पुरुषाची जात, त्याला कुठलं समजायला?

कोंब वर आले त्या सकाळी शकुबाई बाजेवरून देवघराकडं पाहत राहिली. मग डावा हात उचलून कपाळाला लावला. कोमलनं दूध-भाकर आणली तर तिनं ताट सारलं. त्या दिवशी मेल्या कासवानं कधी नव्हे ते पालकाचं पान कुरतडलं होतं, तरी सारलं. दुपारीही तेच. नुसता पाण्याचा घोट घेतला अन् मसाल्याच्या डब्याकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोमलनं डबा उघडून पुढं धरला. बाईनं त्यातून एक लवंग उचलून तोंडात टाकली.

कोमल डबा तसाच धरून राहिली. "मामा, तुमी घट बसवले."

"कशाचे घट? चारा हाय तो."

"आत्याला काय ठावं चारा? देवघरात माती, मातीत धान, मधी मडकं. त्यांचं नवरात्र बसलं."

शकुबाईचं नवरात्र म्हणजे पाणी अन् लवंग, दुसरं काही नाही. लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडलं नव्हतं. धडधाकट होती तोवर निभावलं. यंदाच्या आश्विनात मात्र तिच्या दुखण्यापायी घरात घट बसलेच नव्हते. करायला गेले गणपती अन् झाला मारुती म्हणतात, ते हे.

किसनराव बाजेपाशी बसले. "अगं, घट न्हाईत ते. पूस चालू हाय, संक्रांत यायची हाय. कासवाला पेरलंय." शकुबाईनं ओठावर बोट ठेवलं. देवीपुढं असलं बोलू नये.

मग ते पत्रावळ उचलून बाहेर न्यावी म्हणून उठले, वाकले, अन् हात पुढं जाईना. मंत्र नाही, पूजा नाही, आपल्याच हातानं आणलेली माती. पण मधी मडकं, भोवती धान, मागं देवीचा टाक. असं बसलेलं मधूनच कोण उचलतं?

"पोरी, तूच उचल."

"मी न्हाई बा," कोमल म्हणाली.

तिकडं बाईचे ओठ सुकून चालले होते, अन् इकडं दोन धडधाकट माणसं मूठभर मातीला भिऊन उभी होती. रडावं का हसावं, सांगा.

"मामा, मग दसरा करा," कोमल म्हणाली. "घट उठल्याबिगर त्या जेवायच्या न्हाईत."

"पुसात?"

"त्यांना काय ठावं पूस."

किसनराव नाल्याकाठी जाऊन आपट्याची पानं घेऊन आले. वाटेत दुकानदार पुनमचंदनं विचारलं, काहून आपटा? तर औषधाला म्हणून सांगितलं. घरी येऊन धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, दिवा लावला, देवीची मनापासून माफी मागितली अन् मडकं हलवलं. धान उपटून एक तुरा बायकोच्या केसांत खोवला अन् आपट्याचं पान तिच्या हातात दिलं. "सोनं घे." शकुबाई अर्ध्या तोंडानं हसली. तिनं डाव्या हातानं एक तुरा त्यांच्या टोपीत खोवला. किसनरावांना वाटलं, सुटलो.

कसले सुटतात. कोमलनं पुरणपोळी पुढं ठेवली, अन् शकुबाईनं गव्हाचं पातं उचलून कासवाकडं बोट केलं. उपास सुटला होता, नेम कुठं सुटला होता?

कासवाला बाजेवर तिच्यापुढं ठेवलं. डोकं आत. गरम कोंड्याच्या पुरचुंडीनं शेकलं, कोमट पाण्यात बसवलं, पाठीवर टकटक केलं. "खाय रं बाबा," किसनराव म्हणाले, "एक पान खाय. तिचा जीव चाललाय." मग शिव्या घातल्या. कासवाला शिव्या काय अन् ओव्या काय. शकुबाई पातं हातात धरून बसली, मग तिनं ताट सारलं.

किसनराव बाजेखालीच बसले. आता काय करावं हे त्यांना खरंच सुचत नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस लेकरागत तोंड उघडं टाकून रडायला लागला. कोमलनं दुसरीकडं पाहिलं.

तेवढ्यात बाजेवरून डावा हात खाली आला अन् ते पातं त्यांच्या तोंडात गेलं.

त्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं. शकुबाई त्यांच्या जबड्याकडं टक लावून पाहत होती. त्यांनी चावलं. तसं तिनं कोमलकडं वळून आपलं तोंड उघडलं. कोमलनं पोळीचा तुकडा दुधात कुस्करून भरवला, तो तिनं खाल्ला. मग दुसरं पातं त्यांना, दुसरा घास तिला.

पातं चिवट होतं, घशात अडकत होतं, अन् थुंकायची सोय नव्हती. ही नवरा म्हणून भरवून राहिली का कासव समजून, हे किसनरावांना विचारायचं होतं. पण तिनं पुढचं पातं उचललं होतं. त्यांनी तोंड उघडलं.