छातीभर खाऱ्या पाण्यात

बेगम बाजारात खड्या मिठाच्या ओलसर पोत्यांचा वास आला, की मला विशाखापट्टणमचा समुद्र आठवतो. कुकटपल्लीच्या स्विमिंग पूलमध्ये मी स्कुबा शिकले होते. पाण्याखाली जायला तिथे लागायचं तेवढंच शिसं कमरेच्या पट्ट्यात बांधून मोठ्या रुबाबात किनाऱ्यावरून समुद्रात शिरले, पण छातीभर पाण्यात कितीही धडपडले तरी मी आपली बुचासारखी वरच. किनाऱ्यावरून आई ओरडली, "अगं, मिठाच्या पाण्यात अंडंसुद्धा तरंगतं, तू कशी बुडशील?" शिकवणारे सर हसले. "अम्मा बराबर बोल रहे," म्हणत त्यांनी माझ्या पट्ट्यात आणखी शिसं ओवलं आणि मी अलगद खाली गेले. तळाशी वाळूवर बारीक नक्षी होती आणि एक खेकडा डोळे वर काढून मलाच निरखत होता. मीही त्याला बघत राहिले. तेवढ्यात शेजारी ओळखीची जोडवी दिसली, फुगलेली साडी दिसली, आणि मग जन्मभर पाण्याला घाबरलेल्या आईचा चेहराच पाण्यात उतरला, डोळे टक्क उघडे. आज पोत्यांपाशी तिला विचारलं, "तेव्हा डोळे झोंबले नव्हते का गं?" मिठाचा खडा जिभेवर ठेवत ती म्हणाली, "झोंबले की. पण तू एवढं काय बघतेस, ते मलाही बघायचं होतं."