चिऱ्यांचा एक पावसाळा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न मी करून पाहिलं होतं. नवरा तापाने गेला आणि ते लवकरच संपलं. राहिलं होतं घर. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि लोकांच्या पडवीत भाड्याने राहत होते.

वाटणीत दिरांनी मला खाजणाच्या कडेचा तुकडा दिला. भरतीला खेकडे, ओहोटीला चिखल. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे मला कळतं, पण या गाईला पायच नव्हते.

तरी घर बांधायचंच होतं, आणि ते आईसाठी. आई पालीला दादाकडे असे. वहिनीला ती डोळ्यांसमोर नको असायची. मागच्या पडवीत तिची गोधडी, जेवण सगळ्यांच्या नंतर, आणि दुसऱ्यांदा चहा मागितला की आतून भांड्यांची आदळआपट. मी सुट्टीत जाऊन परत निघाले की आई फाटकापर्यंत पोचवायला यायची आणि हळूच विचारायची, "तुझं घर कधी गं होणार?"

खड्डा खणून पाहिला. वर हातभर भराव, त्याखाली काळा, गुळगुळीत चिखल. पुरुषभर खाली गेलं तरी तोच. आणखी खाली जायच्या आत भरतीचं पाणी झिरपलं आणि खड्ड्याच्या कडा आत ढासळल्या. मुरूम काही लागला नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, चिखलात सागाचे खांब ठोका, पाण्याखाली लाकूड कुजत नाही. खरंही असेल, पण तेवढा साग आणायचा कुठून? अलिबागकडचा एक कंत्राटदार म्हणाला, सगळ्या घराखाली सिमेंटचा एकच जाड थर ओता. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे, आणि परवाना मिळेपर्यंत माझीच वास्तुशांत झाली असती. दीर म्हणाले, "कारवीचा कूड घालून एक खोली काढा की. एकटीला पुरे." ते 'एकटीला' मला फार झोंबलं.

गावच्या गवंड्याने चौथा मार्ग सांगितला. "बाई, घराचा सगळा जांभा चिरा आणून एक पावसाळा इथंच रचून ठेवा. वजनानं जमीन काय दबायची ती दबू दे. मंग त्याच जाग्यावर रुंद पाया घालू. माझ्या बापानं बंदरावरच्या वखारीला असं केलेलं. इथं जमंल का, ते सांगता यायचं न्हाय."

"आणि आत्ताच बांधलं तर?"

"पावसाआधी कौलं चढतील. पण भिंती तडकल्या तं मला बोलू नका."

होळी नुकतीच झाली होती. लगेच बांधलं असतं तर आई ज्येष्ठात माझ्याकडे आली असती. निर्णय माझा एकटीचा नाही असं वाटून मी म्हसळ्याला गाडी बदलून पालीला गेले आणि आईलाच विचारलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं गेली, एका पावसाळ्याचं काय? घर भक्कम होऊ दे. मी कुठे पळून चाललेय?" तिने 'नको, लवकर बांध' म्हणावं असं मला फार वाटत होतं.

चिरे आले आणि घराच्या मापाने रचले गेले. गवंड्याने कडेच्या बांधावरच्या दोन माडांना सुतळी ताणून बांधली, ढिगाच्या वरच्या थराला टेकेल अशी. ढीग खचला की सुतळीखाली फट पडणार, आणि फट वाढायची थांबली की जमीन तयार. गावाला करमणूक झाली. कोळणींनी तर दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "बाई, चिरा रिकामाच हाय तं जवला सुकवू काय?" मी हो म्हटलं. वास असा सुटला की शाळेत मुली माझ्यापासून लांब बसू लागल्या. पण संध्याकाळी त्या बायका तिथे गप्पा मारत बसत, मलाही बसवून घेत, आणि मला बरं वाटायचं.

पाऊस लागला आणि त्या गेल्या. मग मी आणि तो ढीगच उरलो. शाळा सुटली की मी इरलं घेऊन जायची आणि सुतळीखाली हात घालून पाहायची. आधी बोटं जात, मग पंजा. अख्ख्या दिवसात मी जिची वाट पाहावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

गणपतीच्या सुट्टीत पालीला गेले. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर वहिनीला श्रावणात मुलगा झाला होता, आणि ती अजून अंथरुणातून उठत नव्हती. आईची गोधडी मधल्या खोलीत आली होती. पाय पसरून, त्यावर बाळ आडवं घेऊन ती त्याला न्हाऊ घालत होती, आणि वहिनी आतून हाक मारत होती, "सासूबाई, तुम्ही आधी चहा घ्या." घराबद्दल आईने काही विचारलं नाही. निघताना ती फाटकापर्यंत आली नाही. बाळ मांडीवर झोपलं होतं. मला राग आला. आईचा नाही, त्या महिन्याभराच्या पोराचा. लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

दसऱ्यानंतर सुतळीखालची फट वाढली नाही. ढीग वीतभर खचून थांबला होता. दिवाळीनंतर चिरे उचलून त्याच जागी रुंद पाया घातला, आणि चैत्रात घर उभं राहिलं. खिडकीशी, खाडीचा वारा येईल तिथे, मी आईची खाट मांडली.

वास्तुशांतीला आई आली. गवंड्याने तिच्यासमोर कोब्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पसरलं आणि होतं तिथेच राहिलं, कुठल्याच भिंतीकडे गेलं नाही. आईने कौतुकाने भिंतींवरून हात फिरवला. चार दिवस ती त्या खाटेवर झोपली. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला सोडून ये गं. बाळ शोधत असेल मला."

मी तिला गाडीत बसवून दिलं. म्हसळ्याला दादा येणार होता. खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझ्या गालावर ठेवला. "घर फार भक्कम झालंय हो तुझं," ती म्हणाली. "आता तुझी काही काळजी नाही."

त्या घराला आजवर कुठे तडा गेलेला नाही. खाजणात बांधू पाहणारे लोक बघायला येतात आणि मी त्यांना सांगते, घाई करू नका, चिरा रचून ठेवा आणि थांबा. थांबण्यात काय जातं, ते कुणी विचारत नाही. त्या दिवशी गाडी गेल्यावर मी बांधावरून परत आले. दाराला मीच लावलेलं कुलूप होतं. ते काढलं आणि आत गेले.